नलूकाकूंचा तळहात

नलूकाकू कुणाच्या घरी पुढच्या दारानं आल्याचं मला आठवत नाही. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या सगळ्यांच्या घरांना गराजातून आत यायचं एक दार असतं आणि त्याला लागूनच कपडे धुण्या-वाळवण्याची खोली. पाहुण्यांनी पुढून यावं, हॉलमधला नवा सोफा पाहावा, त्या खोलीतला घड्या न केलेल्या कपड्यांचा डोंगर पाहू नये, एवढी माफक अपेक्षा प्रत्येक घराची असते. काकू ती पहिल्याच मिनिटाला मोडायच्या. गराज उघडं दिसलं की तिथूनच आत, हातातला डबा वॉशिंग मशीनवर, आणि डावा तळहात शेजारच्या ड्रायरच्या पत्र्यावर. ताप बघतात तसा. डोळे किंचित मिटलेले. मग वळून आम्हाला म्हणायच्या, "कसे आहात?" आमचा नंबर नेहमी दुसरा.

मी बोलायला जड माणूस आहे. मेधा, माझी बायको, म्हणते की माझ्याशी भांडणं म्हणजे बंद दुकानासमोर रांग लावणं. नलूकाकूंच्या बाबतीत तर मी नको तितका गप्प राहिलो. म्हणून या वेळी आधीच सांगून टाकतो: या गावातली मराठी माणसं दोन वर्षं काकूंना धोकादायक बाई समजत होती, आणि त्याचं कारण मी होतो. ते त्याच्या जागी येईल. पण काकू काही त्या एका प्रकरणाएवढ्या लहान नव्हत्या, तेव्हा आधी काकू.

ठेंगण्या, गोऱ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना करडा कोट. त्या कोटाच्या एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात भिंत रंगवायचा एक छोटा ब्रश. मूळच्या यवतमाळच्या. सत्तरच्या दशकात लग्न होऊन इकडे आल्या. नवरा, वसंतराव, उष्णता या विषयातला डॉक्टरेट माणूस. आम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलं. काकू सांगायच्या, "आमचा पहिला ड्रायर बंद पडला तेव्हा ह्यांनी कागद घेतला आणि तो का बंद पडला असेल ते मांडत बसले. मी म्हटलं, मांडा तुम्ही, तोवर मी उघडते."

काकू तेव्हा गावच्या लायब्ररीत काउंटरला होत्या. तिथं घरगुती यंत्रं दुरुस्त करायचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते कुणीच नेत नव्हतं. काकूंना त्या पुस्तकाची दया आली. "पुस्तकाला वाटायला नको ना, की आपण उगाच छापलो." त्यांनी ते नेलं, पुन्हा नेलं, आणि शेवटी लायब्ररीनं ते जुन्या पुस्तकांच्या विक्रीत काढलं तेव्हा घेऊनच टाकलं.

नम्रता हा गुण त्यांच्या जवळपासही नव्हता. "शिकागोच्या पश्चिमेला माझ्यासारखा ड्रायर कोणी उघडत नाही," असं त्या सहज, हवामान सांगितल्यासारखं सांगायच्या. आणि चुकायच्याही. माझा ऑफिसातला मित्र सचिन आणि त्याची बायको पल्लवी यांचा ड्रायर खडखड करायला लागला, तेव्हा काकूंनी बाहेरूनच निदान केलं: आतलं पिंप ज्या चाकांवर फिरतं ती झिजली. शनिवारची आख्खी दुपार त्यांनी यंत्र खोललं. पट्टा काढला, पिंप बाहेर ओढलं, पल्लवीची नवी फरशी काळी केली. चाकं ठणठणीत निघाली. पिंपाच्या आतल्या फटीत पल्लवीचं हरवलेलं जोडवं सापडलं.

"सुरुवातीपासून मला जोडव्याचाच संशय होता," काकू म्हणाल्या.

"मग सगळं खोललंत कशाला?" सचिन रडवेला झाला होता.

"संशयावर कधी जाऊ नये रे. पुरावा लागतो."

त्याच सचिनच्या वास्तुशांतीला काकू सत्यनारायणाच्या कथेमधूनच नाहीशा झाल्या होत्या. सगळे हात जोडून बसलेले, आणि आतून पत्रा वाजल्याचा आवाज. थोड्या वेळानं काकू मूठभर करड्या लिंटचा गोळा घेऊन बाहेर आल्या. कपड्यांचा जो भुगा ड्रायरच्या जाळीत आणि पाइपात साठतो, तो. "सचिन, आधीच्या मालकानं तुझ्यासाठी प्रसाद ठेवलाय," असं म्हणून त्यांनी तो चौरंगाच्या बाजूला ठेवला. गुरुजींनी वाचणं थांबवलं. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर तपासायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. त्यांनी गोळ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, आमच्याकडे जीन्स दोनदा फिरवावी लागते. हेच असेल का?" कथा पुढे सुरू व्हायला बराच वेळ लागला.

लिंटला त्या लिंट म्हणत नसत. कापूस म्हणायच्या. त्यांचे वडील कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कारकून होते, आणि लहानपणी त्यांनी कापसाची आग पाहिली होती. "भडकली तर बरं," त्या सांगायच्या, "दिसते तरी. कापूस आतल्या आत जळत राहतो. वरून गठाण पांढरी, हात लावून पाहा तर गरम. आमचे बाबा रोज गठाणींना हात लावत फिरायचे." एवढं सांगून झालं की विषय बदलायच्या. तो तळहात कुठून आला ते मला तेव्हा कळलं.

आमच्या ड्रायरशी त्यांची ओळख घर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात झाली. आमचं टाउनहाउस होतं. खाली गराज, ड्रायरची खोली आणि तिला लागून पाहुण्यांची खोली, वर बाकीचं घर. कपडे वाळायला फार वेळ लागतो, अशी मेधानं सहज तक्रार केली आणि काकू दुसऱ्या दिवशी हजर. त्यांनी ड्रायरची जाळी काढली. ती स्वच्छ होती, मेधा प्रत्येक वेळी साफ करायची.

"मग ठीकच आहे की," मेधा म्हणाली.

काकूंनी जाळी बेसिनमध्ये नळाखाली धरली. पाणी खाली पडायला हवं ना? ते जाळीवर तळ्यासारखं उभं राहिलं.

"तू ती वासाची कापडं टाकते ना ग कपड्यांमध्ये? मऊ व्हायला? त्याचं मेण बसलंय. डोळ्यांना जाळी दिसते, हवेला भिंत." त्यांनी जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण मागितला. घासून झाल्यावर पाणी सरळ खाली गेलं आणि काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते पाणीही त्यांनीच शोधून काढलं होतं. "मिलिंद, एक लक्षात ठेव. आग कपडे वाळवत नाही. आग हवा तापवते, हवा कपडे वाळवते. हवेला बाहेर जायची वाट मोकळी पाहिजे."

मग ड्रायरमागे वाकून, कोटातला ब्रश काढून, गॅसच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं. "फुगे आले तर पळ. नाही आले तर चहा टाक." फुगे आले नाहीत. मी चहा टाकला. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही काळजी निघाली की मेधा विचारते, फुगे आले का?

दिवाळीत काकूंचा फोन यायचा. पहाटेच, कारण अभ्यंगस्नानाच्या वेळी सगळे उठलेले असतात हे त्यांना ठाऊक. फोन उचलला नाही तर आन्सरिंग मशीनवर निरोप. वर्षानुवर्षं तेच वाक्य, एका श्वासात: "शुभ दीपावली, मुलांना आशीर्वाद, तेलाचे टॉवेल ड्रायरमध्ये टाकू नका." नवीन आलेल्या जोडप्यांना तो विनोद वाटायचा. पण आम्हीच असे लोक की तिळाच्या तेलानं अंग माखून, उटणं लावून, त्याच टॉवेलांची गरम चळत ड्रायरमध्ये तशीच ठेवून फराळाला बाहेर पडणार. धुतलं तरी तेल पूर्ण जात नाही, आणि तेलकट सुती कपडा गरम ढिगात आपोआप पेटतो. काकू एवढं सगळं फोनवर सांगत नसत. त्यांना पुढचे फोन करायचे असायचे.

आता ते प्रकरण.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात ईरा, आमची मुलगी, झाली. बाळंतपणासाठी मेधाच्या आई पुण्याहून आल्या होत्या. बोलकी, प्रेमळ बाई. मला 'जावईबापू' म्हणायच्या आणि मी त्या हाकेला जागायचा प्रयत्न करायचो. त्यांना खालची खोली दिली होती. ती खोली थंड पडायची. हीटर वाढवला की हवा कोरडी व्हायची, त्यांच्या टाचांना भेगा पडल्या. आणि शेजारी आमचा ड्रायर बाळाचे कपडे दिवसभर वाळवत होता आणि इतकी छान गरम, ओलसर हवा बाहेर बर्फात फेकत होता. मी पुण्याचा, त्यातून इंजिनिअर. मला ती उधळपट्टी बघवेना. ऑफिसातल्या एकाच्या घरी मी पाहिलं होतं: त्यानं ड्रायरचा पाइप भिंतीपासून सोडवून तोंड घरात वळवलं होतं आणि तोंडाला बायकोचा जुना स्टॉकिंग, म्हणजे पातळ लांब मोजा, बांधला होता, लिंट अडकायला. मी तसंच केलं. त्याचा ड्रायर विजेचा होता की गॅसचा, हे मी विचारलंच नाही.

खोली मस्त उबदार झाली. कशी केली ते मी कुणाला सांगितलं नाही, हीटर नीट केला असंच सगळ्यांना वाटलं. सासूबाई फोनवर पुण्याला सांगायच्या, "जावईबापूंनी माझ्यासाठी काय सोय केलीय म्हणून सांगू." मी जिन्यात उभा राहून ते ऐकायचो. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. मळमळ. आम्ही म्हटलं थंडी, मेधा म्हणाली घरची आठवण. वर आम्ही तिघं ठीक होतो.

शनिवारी दुपारी काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. अर्थात गराजातून. मी वरून आवाज ऐकला, डबा ठेवल्याचा. त्यानंतर 'कसे आहात' आलं नाही. त्याऐवजी जिन्यातून एक हाक आली, तशी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "मेधा, बाळाला घे आणि बाहेर ये. कोट घालत बसू नको."

आम्ही सगळे ड्राइव्हवेवर बर्फात उभे. सासूबाई गाऊनवर शाल आणि माझे बूट अशा अवतारात, बाळ मेधाच्या कोटात. काकूंनी ड्रायर बंद करून, खालच्या खिडक्या उघडून, सेलवरून गॅस कंपनीला फोन लावला होता. गॅसवाला आला, हातातलं मीटर घेऊन आत गेला, आणि बाहेर येऊन म्हणाला की थोडक्यात वाचलात, आजींना डॉक्टरकडे न्या. मग त्यानं तो स्टॉकिंग बांधलेला पाइप वर धरला आणि विचारलं, हे कुणी केलं?

मी तोंड उघडलं असेल. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या, म्हणजे आधारासाठी पाहत होत्या.

"मी," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "मी दुरुस्त करत होते. काम अर्धवट राहिलं."

त्यानं काकूंना रस्त्यावर उभं करून झाडलं. शिकागोच्या पश्चिमेला ज्यांच्यासारखा ड्रायर कोणी उघडत नाही, त्या काकू मान खाली घालून 'येस सर' म्हणत राहिल्या. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अहो, पण असं अर्धवट टाकून जातं का कुणी?"

"वय झालं हो," काकू म्हणाल्या. हे वाक्यही मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सासूबाई दवाखान्यातून संध्याकाळी ठणठणीत परत आल्या. तोवर काकूंनी मला ड्रायरमागे उभं करून पाइप पुन्हा भिंतीला लावायला लावला. स्वतः हात लावला नाही. नुसती टॉर्च धरली.

"विजेचा असता तर नुसती वाफ आली असती. हा गॅसचा आहे बाप्पा. यातून निघते ती हवा म्हणजे चुलीचा धूरच, फक्त दिसत नाही. काहून केलं असं?"

"काकू, मी सांगतो आईंना."

"काही सांगू नको आत्ता. पोरगी बाळंतीण आहे तिची, अजून किती दिवस राहायची आहे ती. जावयानंच घरात विष सोडलं म्हटल्यावर तिला या घरात झोप येईल का? मेधालाही नको. बाळंतिणीच्या डोक्याला त्रास नको. सासू पुण्याला गेली की सांग सगळ्यांना. क्लॅम्प घट्ट कर. अजून."

एवढंच. सासूबाई परत जाईपर्यंत त्यांनी आळ अंगावर घेतला होता. त्यापुढचं मी करायचं होतं.

सासूबाई बोलक्या होत्या हे मी सांगितलंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी ही गोष्ट तिळगुळाबरोबर वाटली. दर वेळी थोडी रंगत गेली. त्या पुण्याला परतल्या, आणि गोष्ट इथंच राहिली. कुणी काकूंना तोंडावर काही बोललं नाही, आपली माणसं तसं बोलत नाहीत. फक्त गराजची दारं बंद राहायला लागली. "काकू, अहो पुढून या ना," असं प्रेमानं म्हणायचे. "ड्रायरला आता माणूस बोलावतो आम्ही, तुम्हाला कशाला त्रास." काकू पुढून यायच्या. सोफ्यावर बसायच्या. हातात प्लेट. एकदा एका घरी आत ड्रायर चिरकत होता, इतका की बोलणं ऐकू येईना, आणि सगळे मोठ्यानं बोलत राहिले. काकूंनी ढोकळा खाल्ला. मी समोर बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मला ते बरं वाटलं. माझ्याबद्दल सांगण्यासारखं याहून वाईट काही माझ्याकडे नाही.

सांगायचं रोज ठरवत होतो. ग्रीन कार्डाचे कागद होऊ देत, प्रमोशन होऊ दे, ईराचा वाढदिवस होऊ दे. मेधालाही सांगितलं नाही. आमच्या घरी मात्र काकू गराजातूनच यायच्या, तळहात ठेवायच्या आणि वर चहाला यायच्या. कधी विचारलं नाही, सांगितलंस का. दिवाळीचे फोनही बंद झाले.

दोन हजार सहाच्या दिवाळीला सचिनकडे फराळ होता. सगळे पुढच्या दारानं, काकू सोफ्यावर, ईरा त्यांच्या मांडीवर चकलीचे तुकडे मोजत. पल्लवी करंज्या आणत होती. काकूंनी एकदम मान वर केली. हवा हुंगली. ईराला माझ्याकडे दिलं आणि आतल्या दाराकडे निघाल्या.

पल्लवी आडवी आली. "काकू, बसा ना तुम्ही. काय हवंय?"

"तेल जळून राहिलं."

"अहो, चकल्यांचा वास असेल."

"चकलीचा नाही तो. टॉवेल टाकले ना सकाळचे?"

पल्लवीनं सचिनकडे पाहिलं. सचिन उठला, आणि अगदी आदरानं काकूंच्या दंडाला धरून म्हणाला, "काकू, मी बघतो. तुम्ही तिकडे नका जाऊ, प्लीज. परत काही व्हायला नको."

काकू थांबल्या. खरंच थांबल्या.

"सचिन, सोड त्यांना," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "आमच्या घरी तो पाइप मी काढला होता. काकूंनी नाही. खोली गरम व्हावी म्हणून मीच काढला. त्यांनी आम्हाला वाचवलं आणि माझ्यासाठी खोटं बोलल्या. जाऊ दे त्यांना आत."

मेधाच्या हातात चिवड्याची वाटी होती. काकूंनी दंड सोडवून घेतला आणि आत गेल्या. आतून फर्मान आलं, "ड्रायरचं दार कोणी उघडायचं नाही. हवा मिळाली की भडकेल. गॅस बंद केलाय मी. पोरं घेऊन अंगणात चला, आणि नाइन वन वन करा."

फायर ब्रिगेडची लाल गाडी आली. त्या लोकांनी टॉवेलांची चळत बाहेर गवतावर काढली. वरचे टॉवेल पांढरे, आणि मध्ये काळं भोक, धुमसणारं. सगळ्या अंगणात तिळाच्या तेलाचा खमंग वास. काकू त्या उंच फायरमनला अभ्यंगस्नान समजावत होत्या, हातवारे करून, अंगाला तेल कसं चोळतात ते दाखवत. तो टोपी काढून ऐकत होता. जाताना पल्लवीनं फायर ब्रिगेडवाल्यांना करंज्या बांधून दिल्या.

मग काकू माझ्याकडे आल्या. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी सोफ्यावर बसले, तुझ्यापायी. आणि सांगितलं ते कधी, तर घर पेटायच्या वेळेला. माझ्याकडे कोणाचं लक्ष तरी होतं का? एखाद्या बऱ्या दिवशी सांगायचं, सगळे नीट बसलेले असताना, जेवणाआधी. मला नवी साडी नेसून येता आलं असतं."

"चुकलं काकू."

"ते चुकलंच. उद्या दहाला ये. टॉर्च धरायला माणूस पाहिजे मला."

घरी जाताना गाडीत मेधानं फुगे आले का असं विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. घर आल्यावर म्हणाली, "आईला फोन तूच करायचा." मी केला. सगळं सांगितलं, न अडखळता, कारण अडखळलो असतो तर थांबलो असतो. मग सासूबाई म्हणाल्या, "खोली मात्र छान उबदार होती हो." आणि थोड्या वेळानं, "त्या बाईंचा नंबर द्या मला." त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. काकूंना त्यानंतर दर संक्रांतीला पुण्याहून तिळाच्या वड्यांचं पार्सल यायचं.

पुढची दोन वर्षं मी टॉर्च धरली. सुरुवातीला लोक शरमेनं काकूंना बोलवायचे, नंतर सवयीनं, नंतर हक्कानं. गराजची दारं पुन्हा उघडी राहायला लागली. दोन वर्षांत माणसांनी ड्रायरांचे काय हाल केले होते. एका घराच्या बाहेरच्या झडपेत चिमणीचं घरटं, एकाकडे पाइप इतका दुमडलेला की काकू म्हणाल्या, हा पाइप नाही, जिलबी आहे. गुरुजींची जीन्स अजूनही दोनदा फिरत होती. काकू प्रत्येक घरी माझी ओळख करून द्यायच्या, "हा मिलिंद. यानं सासूला मारायचा प्रयत्न केला होता." लोक हसायचे. मीही. ते वाक्य दर वेळी ऐकलं की छातीवरचं ओझं जरा हलायचं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते म्हणायचं सोडलं असतं.

दोन हजार आठच्या शेवटी काकूंनी घर विकलं. मुलीकडे ॲरिझोनाला निघाल्या. "तिकडे ड्रायर लागतच नाही म्हणे, बाहेर दोरीवर अर्ध्या तासात कपडे वाळतात," त्या सांगत होत्या, आणि चेहरा असा की जणू कुणी त्यांना बेकार केलंय.

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला आल्या. बर्फ पडून गेला होता. त्या दिवशी नेमकं आमचं गराजचं दार गोठून अडकलं होतं, तेव्हा काकूंना पुढच्या दारानं यावं लागलं. त्या जिना चढून सरळ वर आल्या, चहा घेतला, ईराला तो ब्रश दिला. ती त्यानं रंगवणार होती. वसंतरावांचा कोट अंगात होताच. खाली ड्रायर चालू होता, त्याची घरघर वरपर्यंत येत होती. काकूंनी एकदाही मान तिकडे वळवली नाही. मला वाईट वाटलं, की आता त्यांना त्यात रस राहिला नाही.

काकूंच्या मुलीची गाडी वळणापर्यंत गेली आणि थांबली. आम्ही तिघं वरच्या खिडकीत होतो. दार उघडून काकू उतरल्या. गुडघाभर बर्फातून, एक एक पाय उचलत, आमच्या घराच्या बाजूच्या भिंतीकडे आल्या, जिथं ड्रायरची झडप बाहेर निघते. आम्ही दिसत असू, पण त्यांनी वर पाहिलं नाही. झडपेभोवती साचलेला बर्फ बुटानं बाजूला केला. डावा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तळहात झडपेसमोर धरला.

"तुझ्यावर अजून विश्वास नाही त्यांचा," मेधा म्हणाली.

पांढरी वाफ त्यांच्या बोटांमधून येत राहिली, कोटाच्या बाहीत शिरत राहिली. काकू डोळे किंचित मिटून उभ्या होत्या. हवा येत होती, भरपूर, गरम. तरी त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. मग हातमोजा चढवला आणि आपल्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकत गाडीकडे गेल्या.